बाळाची वाढ आणि सोनोग्राफीचा कागद

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)

— सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर गरोदर बाईच्या सोनोग्राफीवर काय बोलणार? तर प्रथमच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही आणि डॉक्टरकीचा सल्ला देणार नाही. परंतु आपल्या मोहल्ल्यात इंग्रजी कागद आला की तो मास्तरांकडे येतो, ही जुनी रीत आहे. पूर्वी बँकेची नोटीस यायची, आखातातून व्हिसाचा कागद यायचा, विम्याचा फॉर्म यायचा. अलीकडे त्यात एका कागदाची भर पडली आहे. सून किंवा लेक सातव्या-आठव्या महिन्यात असते, सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडतो, आणि घरातला कोणीतरी संध्याकाळी येऊन म्हणतो, "सर, एवढं जरा वाचून सांगा. बाळाचं वजन कमी लिहिलंय म्हणतात."

मी वाचून दाखवतो आणि डॉक्टरांकडे पाठवतो. पण असे कागद वाचता वाचता, डॉक्टर मंडळींना विचारता विचारता माझ्या एक गोष्ट ध्यानी आली. या कागदावरून घरात जे गैरसमज होतात ते वैद्यकाचे थोडे आणि गणिताचे फार असतात. तारीख कशी धरायची, अंदाज म्हणजे काय, पर्सेंटाइल म्हणजे काय, हे प्रश्न शाळेतलेच आहेत. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आधी यंत्राविषयी थोडे. नववीच्या मुलांनी ध्वनी आणि प्रतिध्वनी शिकताना सोनारचे नाव ऐकले आहे. आपल्या कोकणातल्या कित्येक घरांतील बुजुर्गांनी जहाजावर नोकरी केली आहे. समुद्राची खोली आवाज सोडून कशी मोजतात हे त्यांना मी सांगण्याची गरज नाही. आज मच्छीमारांच्या होड्यांवरही माशांचा थवा दाखवणारे यंत्र असते. सोनोग्राफीचे तत्त्व तेच. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हे यंत्र सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा आवाज पोटात सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उभे करते. हा एक्स-रे नव्हे. यात किरणोत्सर्ग नाही. पोटावर लावतात तो थंड चिकट पदार्थ औषध नसून यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून लावलेला असतो.

याचा इतिहासही मौजेचा आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो हे जहाजबांधणीचे शहर. तेथे लोखंडी पत्र्यातील न दिसणारी भेग आवाजाने शोधण्याची यंत्रे कारखान्यांत वापरात होती. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीतून एका बॉयलरच्या कारखान्यात नेल्या आणि तेथील यंत्राखाली धरून पाहिल्या. पुढे टॉम ब्राउन हे इंजिनिअर आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर यांच्या जोडीने केलेल्या कामाचा त्यांचा लेख १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज तालुक्याच्या गावी जे यंत्र आहे त्याचे मूळ असे लोखंडाची भेग शोधण्यात आहे. इंजिनिअरिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावे. डॉक्टर न होताही रोग्याच्या उपयोगी पडता येते.

आता मुख्य कागदाकडे येऊ. सातव्या महिन्यानंतरच्या सोनोग्राफीत बाळाची चार मापे घेतात. डोक्याची रुंदी, ती बी. पी. डी.; डोक्याचा घेर, तो एच. सी.; पोटाचा घेर, तो ए. सी.; आणि मांडीच्या हाडाची लांबी, ती एफ. एल. या मापांवरून यंत्र सूत्र लावून वजन काढते. हे लक्षात घ्या की बाळाला कोणी काट्यावर ठेवलेले नाही. चार लांब्या-रुंद्यांवरून वजनाचा अदमास केलेला आहे. पुष्कळ ठिकाणी वापरतात ते सूत्र अमेरिकेतील हॅडलॉक यांनी १९८५ साली दिलेले आहे. अदमास म्हटला की चूकभूल आली. ती दहा टक्के, कधी पंधरा टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे कागदावर अडीच किलो लिहिले असेल तर बाळ सव्वादोन किलोचे असू शकते आणि पावणेतीनचेही. म्हणून "कागदावर अडीच लिहिलं होतं आणि जन्मलं तेव्हा सव्वादोन भरलं, डॉक्टरला काही कळत नाही" ही तक्रार बरोबर नाही. आठवडी बाजारात म्हैस नुसती पाहून वजन सांगणारा जाणता माणूसही इतका जवळ जात नसेल.

या चार मापांत पोटाच्या घेराला विशेष महत्त्व आहे आणि त्याचे कारण मला फार उद्बोधक वाटले. बाळाला वारेतून पोषण कमी पडू लागले की निसर्ग आधी मेंदूचा वाटा राखतो. रक्त डोक्याकडे जास्त जाते आणि यकृतातील साठा कमी होतो. यकृत पोटात असते. म्हणून डोके आपल्या गतीने वाढत राहते पण पोटाचा घेर मागे पडतो. लग्नाच्या पंगतीत जेवण कमी पडले तर यजमान पाहुण्यांना आधी वाढतो आणि घरची माणसे मागे राहतात, तसा हा प्रकार.

परंतु कोणतेही माप घेतले तरी पुढचा प्रश्न येतोच. मागे पडले म्हणजे कशाच्या मागे? बाळ किती आठवड्यांचे आहे हे ठाऊक नसेल तर ते लहान आहे की मोठे आहे हे कसे सांगणार? आजच्या भाषणात एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती हीच न्यावी, म्हणून इथे थोडा थांबतो.

दोन वर्षांच्या मुलाकडे पाहून आपल्यापैकी कोणतीही दादी-नानी त्याचे वय महिन्यांत सांगेल. पण माझ्या दहावीच्या वर्गात या. एक मुलगा पाच फूट नऊ इंच आहे आणि त्याच्याच वयाचा दुसरा पाच फूटही नाही. उंचीवरून वय सांगायला गेलात तर हमखास फसाल. गर्भातही असेच आहे. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळे जवळपास सारख्याच गतीने वाढतात. त्या वेळी डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून काढलेली तारीख पाच-सात दिवसांपेक्षा जास्त चुकत नाही. पुढे आई-बापाची ठेवण, आईचे खाणे, आईचे दुखणे, सगळे त्यात मिसळते. शेवटच्या तीन महिन्यांत नुसत्या मापावरून काढलेले वय तीन आठवडे इकडे-तिकडे होऊ शकते.

म्हणून प्रसूतीची तारीख एकदाच ठरवायची असते, ती सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून आणि पाळीच्या तारखेवरून. नंतर ती बदलायची नसते. पण यंत्र काय करते? प्रत्येक वेळी त्या दिवसाची मापे घेऊन नवी तारीख छापते. बाळ लहान असेल तर यंत्र म्हणते, दिवस कमी भरलेत, तारीख पुढे गेली. आणि घरचे लोक शेवटच्या कागदावरची तारीख खरी धरतात, कारण ती सर्वांत ताजी.

आपल्या गावातील एका घरची गोष्ट सांगतो. त्या घरच्यांनी सांगायला हरकत नाही म्हटले आहे. सून लग्नानंतर मुंब्र्याला राहायची, पती कुवेतला. पहिलटकरीण म्हणून रिवाजाप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी आली. चौतिसावा आठवडा लागल्यावर तिची सोनोग्राफी झाली आणि तिचे वडील कागद घेऊन माझ्याकडे आले. जुलै महिन्याचा पहिला आठवडा होता, बाहेर धो धो पाऊस. ते म्हणाले, "सर, ही तीन वेळा तीन तारखा देतात. नक्की कधीची धरायची ते सांगा, जावयाला तिकीट काढायचंय." त्यांच्या पिशवीत दोन कागद होते. एकावर २० ऑगस्ट, दुसऱ्यावर २ सप्टेंबर. तिसरी तारीख त्यांना तोंडी माहीत होती, १२ ऑगस्ट, ती मुंब्र्याच्या पहिल्या कागदावरची. तो कागद तिकडेच खोलीवर पत्र्याच्या पेटीत राहिला होता. घरात सगळ्यांनी सप्टेंबर धरला होता. अजून पुष्कळ वेळ आहे, पोरीचं पोट लहान दिसतं ते त्यामुळेच, असे समाधान करून घेतले होते.

मी त्यांना एवढेच केले की शेजाऱ्यांना फोन करून पहिल्या कागदाचा फोटो मागवायला सांगितले आणि तीनही कागद तारखेच्या क्रमाने बाकावर मांडले. पहिली मोजणी नवव्या आठवड्यातली. ती धरली तर मुलगी पूर्ण चौतीस आठवड्यांची होती आणि बाळाची मापे एकतीस आठवड्यांची होती. मधल्या कागदात हा फरक आठ दिवसांचा होता, शेवटच्या कागदात एकवीस दिवसांचा. तारीख पुढे जात नव्हती. बाळ मागे पडत होते. वडील त्याच दुपारी तिघांचे तीन कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. यात इकडच्या डॉक्टरांचा काही दोष नव्हता, कारण पहिला कागद त्यांच्यासमोर आलाच नव्हता. पुढे तपासणीत मुलीचे रक्तदाबही वाढलेले निघाले. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवले, रोज लक्ष ठेवले आणि सदतीस आठवडे होताच प्रसूती करवली. बाळ दोन किलोला थोडे कमी भरले. काही दिवस आईच्या उराशी बांधून ठेवावे लागले. आता ते पोर बालवाडीत जाते आणि बालवाडीच्या बाईंना पुरून उरते. सप्टेंबरची वाट पाहत बसले असते तर काय झाले असते हे मी सांगू शकत नाही, डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. परंतु पोटात उपाशी राहणाऱ्या बाळाला शेवटचे आठवडे सर्वांत धोक्याचे असतात आणि काही वेळा ते बाळ पोटातच दगावते, एवढे खरे.

तेव्हा माहेरी येणाऱ्या लेकीच्या बॅगेत नवे कपडे, सुका मेवा, बाळंतिणीचे सामान जे भरायचे ते भरा. पण सर्वांत वर पहिल्या सोनोग्राफीचा कागद आणि सरकारी दवाखान्यातील माता व बाल संरक्षण कार्ड ठेवा. कागदाचा फोटो काढून नवरा, सासरे, वडील अशा तिघांच्या फोनमध्ये ठेवला तर अधिक चांगले. प्लास्टिकची एक फाइल पुरे. दहावीचे सर्टिफिकेट जसे आपण जपतो तसे.

आता पर्सेंटाइल. हा शब्द सी. ई. टी.च्या निकालामुळे आपल्या घराघरांत पोचला आहे आणि म्हणूनच घोटाळाही झाला आहे. रिपोर्टवर 'बारावे पर्सेंटाइल' वाचून एक पालक मला म्हणाले, "शंभरपैकी बाराच मार्क? नापास झालं की हो!" तसे नाही. सकाळच्या प्रार्थनेला आम्ही मुलांना उंचीप्रमाणे उभे करतो, बुटकी पुढे, उंच मागे. त्याच आठवड्याच्या शंभर बाळांची अशी ओळ केली तर आपले बाळ पुढून बारावे, एवढाच त्याचा अर्थ. ओळीत कोणीतरी पुढे उभे राहणारच. आई-बाप लहान चणीचे असतील तर बाळही लहान असेल आणि ठणठणीत असेल. सर्वसाधारणपणे दहाव्याच्या खाली गेल्यास डॉक्टर अधिक लक्ष देतात आणि तिसऱ्याच्या खाली गेल्यास जास्त काळजी करतात.

परंतु शिक्षक म्हणून मी विचाराल तर सांगेन की ओळीत पुढे उभ्या असलेल्या मुलाची मला चिंता वाटत नाही. जो मुलगा जूनमध्ये चाळिसावा होता आणि दिवाळीनंतर आठवा आला, त्याची वाटते. बाकीचे वाढले, हा का थांबला? त्याच्या घरी काही बिनसले आहे का? बाळाच्या वाढीतही एका मोजणीपेक्षा दोन मोजण्यांमधला फरक अधिक बोलतो. आणि त्या दोन मोजण्यांत निदान दोन-तीन आठवड्यांचे अंतर हवे, नाहीतर यंत्राची चूकभूल आणि बाळाची वाढ यांत फरकच करता येत नाही. आठ दिवसांत पुन्हा वजन पाहण्याचा हट्ट धरणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. पाण्याचे आणि रक्तप्रवाहाचे तसे नाही. ते डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, प्रसंगी दिवसाआड पाहावे लागते.

पाणी म्हणजे बाळाभोवतीचे पाणी. गरोदरपणाच्या उत्तरार्धात हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते. बाळाला रक्त कमी मिळाले की लघवी कमी होते आणि पाणी घटते. रक्तप्रवाह पाहतात त्याला डॉप्लर म्हणतात. नाळेतील रक्त बाळाच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला वारेकडे ढकलले जाते, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही ते थोडे थोडे पुढे सरकत राहिले पाहिजे. वार खराब होऊ लागली की विसाव्यातला हा प्रवाह कमी होतो, मग थांबतो, आणि फार बिघडल्यास उलटा वाहू लागतो. कागदावर असे काही लिहिलेले असेल तर डॉक्टर घाई करतात, आणि त्या घाईत त्यांचा पैशाचा डाव आहे असा संशय घेऊन घरी निघून येणे हे बाळाच्या जिवाशी खेळणे आहे. याखेरीज वार खाली आहे का, बाळ पायाळू आहे का, हेही त्याच वेळी कळते.

येथवर मी सोनोग्राफीची थोरवी सांगितली. आता तिची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे दोन टोके आहेत. काही घरांत एकही सोनोग्राफी होत नाही आणि काही घरांत दर महिन्याला होते, रंगीत फोटो काढून नातेवाइकांत फिरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीत प्रत्येक गरोदर स्त्रीची चोविसाव्या आठवड्याच्या आत एक सोनोग्राफी व्हावी असे म्हटले आहे. चोविसाव्या आठवड्यानंतर सरसकट सगळ्यांची करावी काय, याचा जगभर अभ्यास झाला. तेरा चाचण्यांतील सुमारे पस्तीस हजार स्त्रियांची माहिती २०१५ साली एकत्र तपासली गेली, आणि ज्यांना काही धोका नाही अशा स्त्रियांना सरसकट तपासणीचा फायदा दिसून आला नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे तेरा हजार स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरसकट दोन जादा सोनोग्राफी केल्यावर लहान बाळांपैकी बत्तीस टक्के आधी ओळखता आली. तशी न करता, गरज वाटली तरच केली तेव्हा एकोणीस टक्के. म्हणजे जास्त ओळखली गेली, तरी बाळांना होणारे गंभीर अपाय त्यामुळे कमी झाले नाहीत. आणि दोन-दोन जादा सोनोग्राफी होऊनही शंभरातील अडुसष्ट लहान बाळे नजरेतून सुटलीच.

याचा अर्थ सोनोग्राफी करू नका असा कोणी काढू नये. जिचा रक्तदाब वाढला आहे, जिला साखर आहे, जिचे आधीचे बाळ लहान होते किंवा दगावले होते, जिला जुळे आहे, जिच्या पोटाची वाढ टेपने कमी भरते, तिला डॉक्टर बोलावतील तेव्हा गेलेच पाहिजे. मात्र रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बेफिकीर होऊ नये. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर कालच्या चांगल्या रिपोर्टचा आधार घेऊन घरी थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, यांतही सकाळची वाट पाहायची नसते.

टेपचे नाव निघाले म्हणून सांगतो. आरोग्य केंद्रातील नर्सताई साध्या शिंप्याच्या टेपने पोटाची उंची मोजतात. चोविसाव्या आठवड्यानंतर ती सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते, दोन-तीन सेंटिमीटर इकडे-तिकडे. अठ्ठाविसाव्या आठवड्याला अठ्ठावीसच्या आसपास. या टेपला हसणारे लोक मी पाहिले आहेत. पण सोनोग्राफीला कोणाला पाठवायचे हे पुष्कळदा ही टेपच सांगते. म्हणून दर भेटीला ती मोजणी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन कार्डावर लिहून घ्या. कोरे राहिलेले कार्ड म्हणजे कोरी उत्तरपत्रिका.

मापे घेऊन बाळ वाढत नाही, ते आईच्या ताटातून वाढते. आपल्या काही घरांत अजून समजूत आहे की शेवटच्या महिन्यांत बाईने कमी खावे, नाहीतर बाळ मोठे होऊन बाळंतपण जड जाते. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते असेही म्हणतात. दोन्ही समजुती निराधार आहेत आणि दोन्हींची किंमत बाळ मोजते. मिश्रीविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. समोर बसलेल्या वडीलधाऱ्या भगिनींनी रागावू नये. मुंबईत बाराशे सतरा गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मिश्री आणि तसलीच तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी एकशे पाच ग्रॅमने हलकी होती आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. दोन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडे नव्हे. रोज्याबाबतही, स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल तर गरोदर स्त्रीला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही सवलत घेणाऱ्या सुनेला घरात टोमणे ऐकावे लागतात, हे काही धर्मात सांगितलेले नाही. डॉक्टरांना विचारा, आलिमांना विचारा, आणि तिला सुखाने दोन घास खाऊ द्या.

आणखी एक अडचण मोकळेपणी बोलली पाहिजे. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील म्हणून काही घरे सोनोग्राफी टाळतात. लेडी डॉक्टरची मागणी करणे यात गैर काही नाही, आधी फोन करून दिवस विचारावा. ते जमत नसेल तर घरातील बाईमाणूस सोबत बसू शकते. सोनोग्राफी शेवटच्या महिन्यांत पोटावरूनच होते आणि पोटाएवढाच भाग उघडा करावा लागतो. लाजेखातर तपासणी चुकवू नका.

कायद्याचे सांगतो आणि मग आवरते घेतो. सोनोग्राफीच्या खोलीत ओळखपत्र मागतात, किती मुले, मुलगे किती, मुली किती असे विचारतात, एका फॉर्मवर सही घेतात. आपल्या लोकांच्या मनात लगेच शंका येते की हे सगळे कशाला. तो गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याचा फॉर्म आहे. सगळ्यांनाच भरावा लागतो. असा कायदा देशात प्रथम आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला. संसदेने १९९४ साली केला, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक झाला. त्या फॉर्मवर स्त्रीने लिहून द्यायचे असते की मला बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. सही करणारीने आधी वाचावे, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. काही जण म्हणतात, आता आठवा महिना, आता मुलगा की मुलगी सांगायला काय हरकत? हरकत आहे. महिना कोणताही असो, शब्दाने, खुणेने, कोणत्याही रीतीने सांगण्यास बंदी आहे. विचारणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रीवर घरच्यांनीच जबरदस्ती केली असे कायदा आधी गृहीत धरतो. अज्ञानकाळात मुलींना जिवंत पुरण्याच्या चालीचा कुराणाने धिक्कार केला हे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. मग डॉक्टरांना हळूच "पेढे की बर्फी?" असे विचारणारा माणूस आपल्यातला असता कामा नये. मी असे विचारणारे सुशिक्षित पाहिले आहेत, म्हणून बोललो.

खर्चाची चिंता असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, सोनोग्राफीसह तपासण्या, मुक्कामातील जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची खास मोफत तपासणी असते. आपल्या वस्तीतील आशाताईंना विचारा, त्या सांगतील कुठे जायचे.

मुलांनो आणि मुलींनो, तुमच्याकडे माझे एक काम आहे. घरात भाभी, खाला, मोठी बहीण, कोणी दिवसांत असेल तर तिचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून द्या. पहिल्या कागदावरील तारीख फाइलच्या वर ठळक अक्षरात लिहा. मुलांनीही हे करायचे आहे. हे बायकांचे काम म्हणून बाजूला होऊ नका, उद्या तुम्हीही बाप होणार आहात. आणि मुलींचे शिक्षण आठवीत थांबवावे की काय अशा विचारात असलेल्या पालकांना विनंती की त्यांनी आज घरी जाऊन आपल्या घरातील एखादा जुना रिपोर्ट त्या मुलीच्या हाती द्यावा आणि तिला काय वाचता येते ते पाहावे.

मागच्या टेबलावर नाव झाकलेले तीन नमुना रिपोर्ट मराठी अर्थासह मांडून ठेवले आहेत. डॉक्टरबाई सहा वाजेपर्यंत थांबणार आहेत. दुखण्याचे, औषधाचे, वजनाचे प्रश्न त्यांना विचारावेत, भगिनींसाठी शेजारच्या वर्गात वेगळी बसण्याची सोय केली आहे. कागद नुसता वाचून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी मी टेबलापाशीच आहे.